परसातली ढोबळी मिरची आणि आपले पहिले शील

(वर्षावासातील एका रविवारी, सामुदायिक वंदनेनंतर विहारात झालेले भाषण. महिला मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



विहारात भाषण म्हटले की शील, समाधी, प्रज्ञा हे विषय आपल्या कानांना सवयीचे झाले आहेत. आज मी ढोबळी मिरचीवर बोलणार असे जाहीर झाले तेव्हा काही भगिनींच्या चेहऱ्यावर हसू आले. हसा, हरकत नाही. पण वर्षावास सुरू कसा झाला ते आधी आठवा. विनयपिटकात त्याची हकिगत आहे. भर पावसाळ्यातही भिक्खू गावोगाव फिरत असत. लोक तक्रार करू लागले की हे भिक्खू हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायाखाली मरतात. ही तक्रार तथागतांनी योग्य मानली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे हिरवे रोप आणि त्याच्या आसऱ्याने राहणारा बारीक जीव, या दोन गोष्टींवरून वर्षावास आला. त्याच वर्षावासात मी एका रोपाबद्दल आणि त्यावरच्या बारीक जीवांबद्दल बोलले, तर विषय सोडून बोलले असे कोणी म्हणणार नाही.

दुसरे असे की मिरची आपल्या माणसांना परकी नाही. आपल्या नागपूर जिल्ह्यातली भिवापूरची मिरची नाव काढलेली आहे. इथे बसलेल्या किती तरी आज्या, मावश्या तरुणपणी दुसऱ्याच्या वावरात मिरची तोडायला गेल्या असतील, सातऱ्यावर बसून मिरचीचे देठ खुडले असतील. संध्याकाळी घरी आल्यावर हाताची आग, लेकराला जवळ घ्यावे तर त्याच्या डोळ्याला हात लागायची भीती. मिरची होती, वावर मात्र आपले नव्हते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो याच दुखण्यासाठी. आता कोणी म्हणेल, ताई, गच्चीवरच्या चार कुंड्यांनी भूमिहीनता जाते काय? नाही जात. कुंडी म्हणजे जमीन नव्हे, आणि जमिनीचा प्रश्न कुंडीने सुटतो असे मी सांगणारही नाही. पण आपण लावले, आपण राखले, आपण तोडले आणि आपल्याच लेकरांच्या ताटात वाढले, हा अनुभव आपल्या पुष्कळ घरांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला नाही. तो चार कुंड्यांत मिळत असेल तर का सोडावा?

ही मिरची आहे तरी काय

आपल्याकडे हिला कोणी शिमला मिरची म्हणतात, कोणी ढोबळी, मुंबईकडे भोपळी म्हणतात. हिची जात तिखट मिरचीचीच आहे, फक्त तिखटपणा आणणारे द्रव्य हिच्यात तयार होत नाही. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली. त्यामुळे भगवान बुद्धांच्या काळात आपल्या देशात कोणतीच मिरची नव्हती. सुजाताच्या घरी तिखट चव लागली तर ती मिरी, पिंपळी किंवा आले यांची असणार. काही पदार्थ आपल्या बापजाद्यांपासूनचेच आहेत असे आपण छातीठोकपणे सांगतो, तेही कधीतरी बाहेरून आलेले असतात, हे या निमित्ताने मुलांना सांगायला हरकत नाही.

आता उपयोगाचे बोलू. १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, आणि तीच झाडावर लाल झाली तर सव्वाशेच्या घरात जाते. हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने याच जातीच्या मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता.

आपल्या घरात याचे महत्त्व काय? आपल्या बाया-मुलींमध्ये रक्त कमी असणे ही घरोघरची गोष्ट आहे. पालक, मेथी, डाळ, चणे यांत लोह असते, पण भाजीपाल्यातले लोह अंगी लागायला जड जाते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले की ते चांगले लागते. म्हणून वरण-पोळीसोबत ढोबळीच्या चार कच्च्या फोडी, वरून लिंबू, एवढे जरी लेकीच्या ताटात पडले तरी फायदा आहे. बेसन पेरून केलेली भाजीही चांगलीच, पण शिजवण्यात क जीवनसत्त्व काही प्रमाणात जाते, म्हणून थोडी कच्ची खावी. मात्र एक लक्षात ठेवा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्याच. मिरची ही गोळीला सोबत आहे, गोळीची जागा ती घेत नाही.

आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे वेळापत्रक

शिमला या नावातच हिचा स्वभाव आहे. हिला थंड, कोवळे ऊन मानवते. दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १६ ते २० अंशांच्या आसपास तापमान असले की झाड खूष. दिवस ३५ अंशांच्या वर तापला की फुले गळतात, आणि रात्री फारच गारठल्या की फळ धरत नाही, धरले तर लहान आणि वेडेवाकडे होते. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. म्हणून उन्हाळ्यात ही लावण्याचा हट्ट करू नये. आपल्याला हिवाळाच योग्य.

वेळापत्रक लक्षात राहावे म्हणून मी आपल्याच दिवसांवर बसवून सांगते. वर्षावास चालू असताना, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बी टाकायचे. पाच-सहा आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागे, रोप मोठ्या कुंडीत हलवायचे. ६ डिसेंबरपर्यंत झाडावर फळे धरलेली असतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात पहिला तोडा, ३ जानेवारीच्या सावित्रीमाईच्या जयंतीला दुसरा, आणि पुढे माघ पौर्णिमेपर्यंत थोडी थोडी मिळत राहते. मार्चचे ऊन तापले की झाडाचे काम संपले.

भांडे, माती आणि रोप

महाग कुंडी पाहिजेच असे नाही. एक फूट रुंद आणि एक फूट खोल असे कोणतेही भांडे चालेल: तेलाचा पत्र्याचा १५ किलोचा डबा, फुटकी बादली, सिमेंटचे रिकामे पोते झटकून धुऊन. ऑइलपेंटचे जुने डबे आणि कीटकनाशकाचे कॅन मात्र खायच्या वस्तूला वापरू नका, कितीही धुतले तरी नाही. तळाला चार-पाच भोके पाडा, त्यांवर कवेलूचे किंवा विटेचे तुकडे ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती राहील. गच्चीवर ठेवायचे असेल तर डबा विटांवर ठेवा. स्लॅब ओला राहून खालच्या घरात पाणी झिरपले तर मिरची राहील बाजूला आणि शेजाऱ्यांशी भांडण उभे राहील. जागा अशी निवडा जिथे निदान सहा तास ऊन येते.

आपल्याकडची काळी माती ताकदीची, पण एकटी वापरली तर ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा. तेव्हा दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि वर मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण करा. शेणखत कच्चे नको, त्याने मुळे जळतात.

बियाणे घेताना दुकानदाराला विचारा, सरळ वाण आहे की संकरित. कॅलिफोर्निया वंडर, अर्का मोहिनी हे सरळ वाण आहेत, त्यांचे बी पुढच्या वर्षाला धरता येते. संकरित वाणाला फळ जोरात येते, पण त्याचे बी धरले तर पुढचे झाड आईसारखे निघेलच याचा भरवसा नाही.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. आठ ते बारा दिवसांत उगवते. वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला तर रोपाला पांढऱ्या माशीपासून बराच आडोसा मिळतो. या वेळी सर्वांत जास्त रोपे मरतात ती मायेने, म्हणजे जास्त पाण्याने. मान कुजते आणि रोप आडवे पडते. माती ओलसर पाहिजे, ओलीचिंब नको. चार-पाच पाने झाली की संध्याकाळच्या वेळी, मुळाभोवतीच्या मातीसकट, एका डब्यात एकच रोप लावा. दोन लावली तर जास्त मिरच्या येतील हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, डब्यात नाही.

रोजची राखण

लावल्यावर तीन आठवड्यांनी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी खुशाल घाला, भांड्यांच्या साबणाचे घालू नका. युरियाचा मोह आवरा. युरियाने झाड हिरवेगार होते, येणारेजाणारे कौतुक करतात आणि फळाचा पत्ता नसतो.

पाणी रोज थोडे आणि नेमाने. दोन दिवस कोरडे ठेवून तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतले, तर फळाच्या तळाला काळा चट्टा पडतो. लोक त्याला रोग समजतात. तो रोग नाही. पाणी नेमाने न मिळाल्यामुळे फळापर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, पोहोचत नाही, एवढेच.

झाड वीतभर वाढले की खोडाला दोन फांद्या फुटतात, आणि त्या बेचक्यात पहिले फूल येते. ते खुडून टाका. मला ठाऊक आहे, हे ऐकायला जड जाते. एवढे राखले, पहिले फूल आले आणि तेच तोडायचे? पण रोप लहान असताना फळ धरले तर सगळी ताकद त्या एका फळात जाते, झाड खुजे राहते आणि पुढची फळे कमी येतात. पहिले फूल सोडले की फांद्या वाढतात.

हिच्या फांद्या ठिसूळ असतात, फळाच्या वजनाने मोडतात. शेजारी एक तुऱ्हाटी रोवा आणि जुन्या सुती कापडाच्या चिंधीने सैल बांधा. सुतळी काचते.

आता पुरुष मंडळींसाठी एक खास सूचना. खर्रा घोटलेल्या हाताने मिरचीच्या रोपाला हात लावू नका. यात थट्टा नाही. तंबाखूच्या पानावर येणारा एक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो, हाताला लागून मिरचीच्या रोपावर जातो, आणि पाने चितकबरी होऊन झाड खुंटते. साबणाने हात धुऊन मगच झाडापाशी जा. खर्रा सुटलाच तर झाडाचेही भले आणि माणसाचेही.

पहिले शील आणि पानाखालचा जीव

आता मुख्य विषयाकडे येते. महिला मंडळाच्या बैठकीत एका आजीने मला विचारले, "बाई, पौर्णिमेला आपण पंचशील घेतो, पाणातिपातापासून अलिप्त राहतो म्हणतो, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी झाडावरचा मावा बोटानं चिरडतो. हे कसं जमायचं?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. ज्यांनी शील नुसते तोंडाने म्हटले आहे त्यांना असा प्रश्न पडत नाही.

बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेवर विवेचन आहे. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगते. मारण्याची इच्छा ही एक गोष्ट आणि मारण्याची गरज ही दुसरी गोष्ट. तथागतांचा विरोध आहे तो गरज नसताना, केवळ इच्छेने होणाऱ्या हत्येला. अहिंसा हे तत्त्व आहे, तो डोळे झाकून पाळायचा नियम नाही. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते, आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारीही टाकते.

ही जबाबदारी कुंडीपाशी कशी पार पाडायची? माझे म्हणणे असे आहे की परसबागेत मारण्याची गरज बहुतेक वेळा आपल्या दुर्लक्षातून उभी राहते. आठ दिवस झाडाकडे पाहिलेच नाही, नवव्या दिवशी पाने गोळा झालेली दिसली, की माणूस घाबरतो आणि जालीम औषधाची बाटली शोधतो. रोज सकाळी दोन मिनिटे पान उलटे करून पाहिले असते तर ती वेळच आली नसती. आपल्या धम्मात अप्रमादाला, म्हणजे सतत जागरूक राहण्याला, मोठे स्थान आहे. कुंडीपाशी अप्रमाद म्हणजे पान उलटून पाहणे.

काय पाहायचे ते सांगते. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले तर फुलकिडे आहेत असे समजा. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखे दिसले तर कोळी आहे. कोवळ्या शेंड्याला हिरवे-काळे बारीक किडे आणि चिकटपणा दिसला तर मावा. फळाला गोल भोक दिसले तर आत अळी.

आता उपाय, सौम्य उपाय आधी आणि कडक नंतर, या क्रमाने. सुरुवातीला एखाद-दुसरे पान खराब असेल तर ते पानच काढून दूर टाका. मावा दिसला तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूने पाण्याची जोराची धार मारा, तीन-चार दिवस ओळीने. पुष्कळ वेळा एवढ्याने भागते. अळी असेल तर काडीने उचलून लांब गवतात सोडून द्या. त्यानेही भागले नाही तर निंबोळी अर्क. कडुनिंबाच्या वाळलेल्या निंबोळ्यांतला गर ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साधा साबण मिसळा आणि ऊन उतरल्यावर फवारा. दर आठ दिवसांनी असे दोन-तीनदा करा. निंबोळीने किड्यांची भूक मरते, वाढ थांबते. काही किडे मरतातही, ते मी झाकून ठेवत नाही. पण इथपर्यंत आपण पायरीपायरीने आलो, मारण्याच्या हौसेने आलो नाही. तत्त्वाने वागणे म्हणतात ते हेच, असे मी त्या आजींना सांगितले.

आणि एक प्राणी ओळखून ठेवा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मुलांना माहीत असतो. तो मावा खातो. पण त्याचे पिल्लू काळपट, काटेरी, लांबुळके असते आणि दिसायला ओंगळ. ते मोठ्या किड्याहूनही जास्त मावा खाते, आणि आपण त्यालाच शत्रू समजून चिरडतो. दिसण्यावरून कोणाला वाईट ठरवणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

पाने वारंवार आकसून झाड बोकडल्यासारखे झाले, चुरडा-मुरडा पडला आणि तो विषाणूचा असला, तर त्यावर इलाज नाही. असे झाड मुळासकट उपटा, पिशवीत बांधून टाका. दुसऱ्याच्या अंगणाजवळ फेकू नका.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्यापैकी काहींची गावाकडे शेती आहे, काहींचे भाऊबंद शेतमजुरीला जातात. पऱ्हाटीवर फवारून उरलेले औषध पाण्याच्या बाटलीत भरून शहरात आणतात आणि कुंडीतल्या भाजीवर मारतात. कृपा करून हे करू नका. पऱ्हाटी कोणी खात नाही, मिरची आपण चार दिवसांत कच्ची खाणार. ती बाटली घरात लेकराच्या हाती लागली तर काय होईल? आपली भाषाही तपासून पाहा. किड्याला मारणाऱ्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. सम्यक वाणी म्हणजे वस्तूचे खरे नाव घेणे. त्याला विषच म्हणा, म्हणजे हात आपोआप जपून चालेल.

हे विष किड्यापाशी थांबत नाही. १९८४ साली भोपाळमध्ये हजारो माणसे गेली, तो कारखाना कीटकनाशकाचाच होता. आणि इतक्या लांब कशाला? आपल्या विदर्भातच, २०१७ सालच्या पावसाळ्यात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते, कितीकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. पाठीवर पंप घेऊन पिकात शिरतो तो बहुतेक वेळा मजूर असतो, आणि मजूर बहुतेक वेळा कोणाच्या घरचा असतो, हे तुम्हीच जाणता. म्हणून पहिले शील माव्यापासून सुरू होत असले तरी ते फवारणाऱ्या माणसापर्यंत जाते. आपण किडा मारावा की नाही एवढ्यावरच घोटाळत बसलो आणि पंप उचलणाऱ्याला विसरलो, तर शील अर्धेच राहील.

तोडणी

रोप लावल्यापासून ६५ ते ७५ दिवसांत फळ तोडायला येते. फळ मुठीएवढे झाले, रंगाने चकचकीत झाले आणि दाबले असता कडक लागले, की तयार झाले असे समजा. दाबल्यावर मऊ लागले तर अजून पातळ आहे, चार-आठ दिवस थांबा.

सकाळी दव सुकल्यावर तोडा. ओढून तोडू नका, फांदीच हातात येईल. कात्रीने किंवा लहान चाकूने, बोटाच्या पेराएवढा देठ फळाला ठेवून कापा. देठ ठेवला की फळ जास्त टिकते.

हिरवे तोडावे की लाल होऊ द्यावे? हिरवे फळ झाडावर ठेवले तर लाल व्हायला आणखी दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहूनही जास्त लागतात. लाल फळ गोड असते, जीवनसत्त्वही जास्त. पण फळात बी पक्के झाले की झाडाला वाटते आपले काम झाले, आणि नवीन फुले कमी येतात. म्हणून पहिली दोन-तीन फळे हिरवी असतानाच काढा, झाड पुन्हा फुलावर येते. शेवटची फळे लाल होऊ द्या. दिसायला छान आहे म्हणून झाडावरच शोभेला ठेवले, तर एक दिवस सुरकुतते, पक्षी टोचतात, आणि ना घर खाते ना शेजारी. अर्धवट लाल झालेले फळ घरात ठेवले तर उरलेला रंग येतो. पूर्ण हिरवे तोडलेले फळ मात्र घरात लाल होण्याऐवजी सुकतेच.

तोडलेले फळ लगेच धुऊ नका, वापरताना धुवा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठ-दहा दिवस राहते. फ्रिज नसेल तर ओलसर फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, तीन-चार दिवस चांगले राहते. कुंडीतल्या एका झाडाला पाच-सहा चांगली फळे आली तरी समाधान माना. चार झाडे असली तर घराला आठवड्यातून एकदा भाजी, आणि एखादे फळ शेजारणीला.

बी धरायचे असेल तर सरळ वाणाच्या सर्वांत चांगल्या झाडावरचे एक फळ पूर्ण लाल होऊ द्या, बी काढून सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत नाव व वर्ष लिहून ठेवा. जवळ तिखट मिरची लावली असेल तर परागकण मिसळतात. यंदाचे फळ त्यामुळे तिखट होत नाही, तो गैरसमज आहे. पण त्याचे बी पुढच्या वर्षी लावले तर झाड तिखट निघू शकते. म्हणून बियाण्याचे झाड तिखट मिरचीपासून दूर ठेवा. आणि त्याच डब्यातल्या मातीत लगेच पुन्हा मिरची, टमाटर किंवा वांगे लावू नका. ही सारी एकाच कुळातली आहेत, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. मध्ये मेथी किंवा चवळी घ्या.

शेवटी एवढेच

मी आज नवीन काही सांगितले असे नाही. आपल्या आज्यांना मिरची माझ्यापेक्षा जास्त कळते, त्यांनी ती आयुष्यभर हाताळली आहे. फरक एवढाच की तेव्हा तोडा मालकाचा होता, किती फवारायचे हेही मालकच ठरवत होता. आता डबा आपला आहे, तर विष घालायचे की नाही हेही आपणच ठरवणार. ज्याच्या हाती ठरवणे असते त्याच्यावरच शीलाची जबाबदारी येते.

महिला मंडळाला माझी एक सूचना आहे. विहाराच्या अंगणात, दक्षिणेच्या भिंतीपाशी ऊन असते तिथे, आठ डबे ठेवू. प्रत्येक डबा दोन घरांनी राखायचा, आणि पान उलटून पाहण्याचे काम मुलांना द्यायचे, त्यांची नजर बारीक असते. जी फळे येतील ती वस्तीत ज्या घरी बाळंतीण असेल, ज्या मुलीचे रक्त कमी निघाले असेल, तिथे आधी द्यायची. याला मी दान म्हणत नाही, मोठ्या शब्दाची गरज नाही. शेजारधर्म म्हणा. बी टाकायला अजून पंधरा दिवस आहेत. ज्यांना डबे आणायचे असतील त्यांनी आज वंदना सुटल्यावर नाव लिहून द्यावे.